अंग, पदर, टिकली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — तिथंही दुसरंच काहीतरी मागून परत आलो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. आणि लिहिताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हे दुसरं.

पण थांबा, आधी रेडिओ. त्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू का — रेडिओचं सांगायला मला फार आवडतं. त्याची नुसती आठवण निघाली तरी अजून माझे हात शिवशिवतात. तुम्ही म्हणाल, हा माणूस मूळ गोष्ट टाळतोय. व्हय, टाळतोय. पण येणार आहे तिथंच.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आत माझं टेबल, आणि दाराशी उजेडात शालनचं शिलाई मशीन. शालन माझी बायको, माहेर यवतचं. साड्यांना पिको-फॉल करायची. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी दौंडहून हुसेनचाचा आले. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, सत्तरीचे. छातीशी गोधडीत गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं. ते त्यांनी माझ्या टेबलावर असं काही ठेवलं, जसं झोपलेलं पोर ठेवतात.

गोधडी सोडली आणि — अहाहा! व्हॉल्व्हचा रेडिओ. सागवानी पेटी, पुढं सोनेरी जाळीचं कापड, काचेच्या पट्टीवर गावांची नावं, आणि वर मधोमध तो काचेचा डोळा, मॅजिक आय. स्टेशन नीट लागलं की त्यातली सावली मिटत येते. पुण्यात काम शिकत असताना असे सेट मी अडगळीत बघितले होते, चालू एकही नाही. चाचांच्या वडलांचा हा रेडिओ वीसेक वर्षं मुका होता. दोन मिस्त्र्यांनी सांगितलं होतं, आतलं सगळं काढून टाकू आणि ट्रान्झिस्टर बसवून देऊ, पेटी तीच राहील. चाचांना ते लागलं होतं.

"आतडी काढून दुसऱ्याची भरली, तर त्यो माझ्या आब्बाचा रेडिओ कसा ऱ्हाईल?" ते म्हणाले.

मी विचार न करता बोलून गेलो, होईल चाचा, ठेवून जा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! ते गेले आणि मी लगेच मागचं झाकण उघडलं. आत उंदराचं घरटं, बोटभर धूळ, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. ट्रान्सफॉर्मर शाबूत. व्हॉल्व्हना जपून वीज दिली तर एकेक करून पाची पेटले! बंद पडलेल्या घरात कुणीतरी दिवे लावत गेल्यासारखं वाटलं. मी शालनला हाक मारली, बघ बघ, जिवंत आहे. ती हातातली साडी तशीच घेऊन धावत आली.

आता दुरुस्ती. कंडेन्सर बदलणं सोपं, त्यांच्यावर आकडे छापलेले असतात. अडचण होती ती रेझिस्टन्सची. सतरा होते. विजेला अडवून धरणारी बोटाच्या पेराएवढी कांडी, बाकी काही नाही. कुठं किती अडवायचं ते ठरलेलं असतं. आणि जुन्या रेडिओत नवा रेझिस्टन्स निवडणं म्हणजे काय, हे सांगतोच, कारण या एका गोष्टीवर मी तासभर बोलू शकतो.

जुना कार्बनचा रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातो. बावीस हजार ओहमचा असेल तर चाळीस वर्षांनी मीटर एकतीस-बत्तीस हजार दाखवतो. एखादा काहीच दाखवत नाही, आतून तुटलेला. नवखा मिस्त्री काय करतो? मीटरनं मोजतो आणि तेवढाच नवा आणून टाकतो. चुकला तिथंच! आज तो किती आहे, हे विचारायचंच नसतं. जन्मला तेव्हा किती होता, ते विचारायचं. आणि ते कुठं लिहिलेलं असतं? या सेटच्या आतल्या जोडणीचा नकाशा कुणाकडं नव्हता. ते लिहिलेलं होतं त्याच्या अंगावर, रंगांत. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, असे नऊपर्यंत. या जुन्या कांड्यांवर तर पट्टेही नव्हते. अख्ख्या अंगाचा रंग पहिला आकडा, एका टोकाचा रंग दुसरा आकडा, आणि मधला ठिपका सांगणार पुढं शून्यं किती.

आणि इथं माझी पंचाईत. मला रंग दिसत नाहीत.

म्हणजे दिसतात. निळा, पिवळा, काळा, पांढरा नीट दिसतात. पण लाल, तपकिरी, हिरवा, नारिंगी — ही चार मंडळी माझ्याशी लपंडाव खेळतात. मला हे कळलं ते रेल्वेच्या भरतीत. लेखी पास झालो होतो. डॉक्टरांनी ठिपक्या-ठिपक्यांची वही पुढं धरली आणि त्यातले आकडे वाचायला सांगितले. मला आकडे कुठं दिसलेच नाहीत. मी विचारलं, शेजारच्या घरात सगळ्यांचे डोळे आले होते, त्यांचं तर लागलं नसेल? डॉक्टर भले होते. म्हणाले, बाळ, हे जन्मानंच असतं. याला औषध नाही, आणि हे कुणाचं कुणाला लागत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

घरी येऊन मी सांगितलं की छाती कमी भरली. का? रंग दिसत नाहीत म्हटलं तर लोक आंधळा म्हणतील, लग्न जमायचं नाही. छातीचं काय, छाती वाढवता येते! आईनं मग सहा महिने मला डिंकाचे लाडू चारले. मी ते मुकाट्यानं खाल्ले. पुढं दुरुस्तीचा धंदा शिकलो तोही लपवत. नवे रेझिस्टन्स आकडे लिहिलेल्या काड्यापेट्यांत ठेवायचे, बाकी मीटरनं मोजायचं, वायर रंगानं नाही तर जागेवरून ओळखायची. टीव्हीच्या कामात हे खपून जायचं. चाचांच्या रेडिओत मीटर काय सांगणार? तो आजचं सांगतो, जन्माचं नाही.

शालनला मात्र माहीत होतं. पहिल्या दिवाळीला मी तिला हिरवीगार म्हणून जी साडी आणली, ती विटकरी निघाली. ती तिनं तशीच नेसली. आठवड्यानं दोऱ्याची चार रिळं पुढं ठेवून म्हणाली, ह्यातलं हिरवं कंचं? मी ऐटीत उचललं. तिनं ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, माझ्या पोटात ऱ्हाईल. राहिलं. आजतागायत तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही. यवतला तिच्या आईलासुद्धा नाही.

तर मग आमचं काम सुरू झालं. काय दिवस होते ते! दुपारची भाकरी झाली की तिचं मशीन बाजूला. दाराशी चटई, त्यावर रेडिओचा सांगाडा उताणा. मी एकेक रेझिस्टन्स दाखवायचा, तिनं रंग सांगायचे, मी वहीत लिहायचं. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या शास्त्राला आपली नावं दिली. कांडीचं अंग ते अंग, टोक म्हणजे पदर आणि ठिपका म्हणजे टिकली. बोला आता!

आणि तिची नजर — तिच्या नजरेचं काय सांगू? चाळीस वर्षं व्हॉल्व्हच्या धगीत भाजलेले ते रंग. लाल करपून तपकिरी झालेला, नारिंगी विटेसारखा. डोळस माणूसही तिथं फसला असता. पण शालननं शेकडो जुन्या साड्यांना दोरा जुळवलेला. नवा रंग कुणीही ओळखतं हो, जुना झालेला रंग आधी काय होता, हे तिला कळायचं. कापसाच्या बोळ्यानं धूळ पुसायची, कांडी अलगद फिरवून धगीपासून लपलेली बाजू बघायची आणि सांगायची.

"ह्यो तपकिरी न्हाई. लालच हाय, भाजलाय. खालनं बघा की."

मी वाकून बघितलं. मग दोघांनाही एकदमच कळलं की मला दाखवून काय उपयोग, आणि आम्ही इतके हसलो की शेजारचा केशकर्तनवाला कात्री घेऊन बघायला आला.

त्या कांडीचं अंग लाल, पदर हिरवा, टिकली पिवळी. दोन, पाच आणि पुढं चार शून्यं. अडीच लाख ओहम! आता आजच्या बाजारात अडीच लाखांचा मिळत नाही. दोन लाख वीस हजारांचा मिळतो, नाहीतर दोन सत्तरचा. कुठला घ्यायचा? मी दोन सत्तरचं अख्खं पाकीट आणलं आणि मीटर लावून एकेक मोजत बसलो. कारण नव्यांतही उन्नीस-बीस असतंच. बेचाळिसावा निघाला दोन लाख साठच्याही खाली. मी तो शालनला नवरीचा दागिना दाखवावा तसा दाखवला. आणि जाडी बघायची — म्हणजे वॅट. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्ट खेळतात. हल्लीचा पाव वॅटचा किडमिडा रेझिस्टन्स आज चालेल, पण उन्हाळ्यात जळेल. म्हणून जिथं अर्धा वॅट तिथं मी एकचा बसवला, जिथं एक तिथं दोनचा. बघा, पुन्हा रंगलो मी.

चौदा झाले. तीन राहिले. तेवढ्यात भाच्याच्या बारशाला शालन दोन दिवस यवतला गेली. मला धीर धरवतोय? म्हटलं, इतके दिवस शेजारी बसून आपल्यालाही अंदाज आलाच असेल. एका कांडीचं अंग लाल, पदर लाल — ते तिनं जाता जाता सांगितलेलं. टिकली राहिली होती. मला ती तपकिरी वाटली. म्हणजे एक शून्य, दोनशे वीस ओहम. तसाच बसवला, उरलेल्या दोन जुन्यांना हातही न लावता सेट चालू केला, आणि दोन मिनिटांत शेजारची कांडी धुरावली. मी प्लग उपटला. टिकली नारिंगी होती. तीन शून्यं — बावीस हजार! मी शंभर पट चुकलो होतो. शालन परत आली ती दारातच वास घेत म्हणाली, काय भाजलंत? मी सांगितलं. ती हसली, मीही हसलो. पण मला त्या दिवशी नीटच कळलं की हिच्याशिवाय मी या कामात शून्य आहे. ते हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्या आत जाऊन बसलं.

सेट लागला त्या दुपारचं सांगतो. सतराही बसले, अधिक तो जळालेला एक. बटण फिरवलं. व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नाही, आधी तापतो. अर्धा मिनिट काहीच नाही. शालननं माझं मनगट धरलेलं. मग डोळा उजळला. मग घूं असा बारीक आवाज, खरखर, मी सुई सरकवतोय, सरकवतोय — आणि एकदम भरघोस, गोल, पोटातून आल्यासारखा माणसाचा आवाज! पुणे केंद्र! तो माणूस कांद्याचे भाव सांगत होता, आणि मी तुम्हाला सांगतो, त्याहून गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. मी दुकानात नाचलो. शब्दशः नाचलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं चाचा आले. कुठलंसं जुनं गाणं लागलं होतं. त्यांनी ऐकलं कमी, पेटीवर तळहात ठेवून बसले जास्त. गरम हाय, म्हणाले, आब्बाच्या वेळी असाच गरम व्हायचा. मग रेडिओच्या डोळ्यातली सावली मिटली तसे, बघ कसा हिरवागार, म्हणत ते पोरासारखे हसले. मी हो हो म्हटलं. मला तो डोळा पिवळट दिसतो. मी सांगितलं की शालननं मदत केली. तेव्हा मी एवढं तरी सांगितलं. ती संकोचली, म्हणाली, मी आपलं नुसतं रंग सांगितलं.

"रंगच तर सांगायचा असतोय, पोरी," चाचा म्हणाले. "चाळीस वर्सं मी दुसरं काय केलं? तुझी नजर गार्डाची हाय."

ती लाजली. चाचा गेल्यावर दिवसभर मशीनवर गुणगुणत होती.

चाचांनी दौंडभर सांगितलं. मग काय विचारता! यवतहून रेडिओ आला, मांडवगण फराट्याहून दोन आले, एक तर बैलगाडीतून. सहा महिन्यांत माझ्या फळीवर आठ व्हॉल्व्हचे सेट रांगेत. लोक मला रेडिओवाले म्हणायला लागले. आमच्या भागात हे काम करणारा मी एकटा. मी. असं लोक म्हणत, आणि मी ते खोडून काढणं हळूहळू सोडून दिलं.

आता येतोय. आता दुसरं काही सांगण्यासारखं उरलेलं नाही.

त्याच सुमारास आमच्या तालुक्यात कारखाने येत होते. एका नव्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांवर पार्ट लावायला बायका घेणार होते. तिथले एक साहेब माझ्याकडं टेपरेकॉर्डर दुरुस्तीला देऊन गेले, तेव्हा शालन मला रंग सांगत होती. हातभर अंतरावरून, न थांबता. साहेब बघतच राहिले. म्हणाले, ताई, शिक्षण किती? ती म्हणाली, धाव्वी पास. ते म्हणाले, अर्ज करा.

तिनं केला. तिचा आनंद तुम्ही बघायला हवा होता. कारखान्याची बस स्टँडवरूनच सुटणार, म्हणजे घरापासून चार पावलांवर. तिनं गिऱ्हाइकांना सांगितलं, यवतला निरोप धाडला, घालायला साधी चप्पल घेतली. मला विचारलं, जाऊ ना? गल्ली ऐकत होती. मी मोठ्यानं म्हटलं, जा की, का नाही? आपण काय जुन्या वळणाचे आहोत का?

आणि मग एका सकाळी ती बाजारात गेली असताना साहेब टेपरेकॉर्डर न्यायला आले. बसले. म्हणाले, मिस्त्री, बाईंचं नाव मी सगळ्यात वर घातलंय. रंगांची नजर पक्की आहे ना? आमच्याकडं सगळं त्यावरच आहे.

काय करायचं होतं मला? हो म्हणायचं होतं. एक अक्षर. माझ्यामागं फळीवर आठ रेडिओ उताणे पडले होते.

"खरं सांगू का साहेब," मी म्हणालो, "तिला लाल-हिरवं वेगळं कळत नाही. जन्मापासूनच. मी शिकवतो, ती पाठ करून बोलते. कुठं बोलू नका, बिचारीला लाज वाटते."

माझी जीभ अडखळली नाही. कशी अडखळेल? सगळं माझंच होतं. जन्मापासूनचं, लाज वाटणारं, पाठांतराचं — मी फक्त ते उचलून तिच्या अंगावर घातलं. साहेबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, बरं झालं वेळेवर सांगितलंत, पुढं त्यांचीच फजिती झाली असती. मी त्यांना चहा पाजला.

तुम्ही विचाराल, सरळ नको जाऊस असं का नाही सांगितलं? तेवढी हिंमत नव्हती. गल्लीदेखत जा म्हटलेलं. नको म्हटलं असतं तर ती भांडली असती आणि गेली असती, आणि जायलाच हवं होतं तिनं.

बस सुरू झाली. गल्लीतल्या तिघी जायला लागल्या. शालननं महिनाभर पत्राची वाट बघितली. मग एकदा स्टँडवर साहेब दिसले, तेव्हा तिनंच गाठून विचारलं. ते माझं नाव बोलले नाहीत, शब्दाला जागले. एवढंच म्हणाले की ताई, वाईट वाटून घेऊ नका, हे रंगांच्या नजरेचं काम आहे, ते तुम्हाला जमणारं नाही.

ती घरी आली आणि दोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली. एकेक रीळ उजेडाला धरून बघत होती. बराच वेळ. मी मीटर पुसत होतो. मग तिनं विचारलं.

"तुमच्यासारखंच झालं आसंल का मला? येवढी वर्सं शेजारी बसून... संगतीनं लागतं का हो हे?"

हुशार बाई आहे ती. पण अशी वही तिनं कधी बघितली नव्हती, त्या डॉक्टरचं बोलणं ऐकलं नव्हतं. ते फक्त मी ऐकलं होतं. हे कुणाचं कुणाला लागत नाही. ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं. साहेबांपुढं जे बोललो ते भीतीनं, घाईत बोललो असं तरी म्हणता येईल. इथं घाई नव्हती. ती माझ्याकडं बघत थांबली होती.

मी म्हणालो, "लागत असेल."

ती म्हणाली, डॉक्टरला दाखवू का? मी म्हणालो, दाखव, पण मग घरात आधी कुणाला होतं ते विचारतील, माझंही बाहेर पडेल. ती गेली नाही. माझी लाज झाकायची म्हणून गेली नाही.

त्याच आठवड्यात एक बाई फॉलचा रंग जरा गडद झाला म्हणून कुरकुरत आली. अशा बाया आधीही यायच्या, शालन त्यांना उजेडात नेऊन साडी दाखवायची आणि गप्प करायची. त्या दिवशी तिनं फॉल उसवून परत लावून दिला. तेव्हापासून ती गिऱ्हाइकालाच विचारते, तुमीच बघा बाई रंग. रेडिओच्या कामात मी कांडी पुढं केली की आधी म्हणते, नक्की सांगता यायचं न्हाई. मी म्हणतो, सांग अंदाजानं. ती सांगते, आणि ते बरोबरच असतं. सेट बोलतो. ती म्हणते, लागला बाई एकदाचा. आठही रेडिओ तिनं असेच पुरे केले. नंतर मी जुने सेट घेणं बंद केलं.

दोनेक वर्षांनी चाचा सहज आले होते. शालनला म्हणाले, काय म्हणती गार्डाची नजर? ती हसून म्हणाली, ऱ्हायली न्हाई आता चाचा. चाचा नवल करत म्हणाले, असं कसं व्हईल, माझे जुने झेंडे घरी हायेत, पुढल्या खेपेला आणतो आन् बघतोच. मी घाईघाईनं दुरुस्तीला आलेल्या एका टेपचा आवाज वाढवला. झेंडे काही आले नाहीत. चाचा त्या पावसाळ्यात वारले. रेडिओ दौंडला त्यांच्या मुलाकडं आहे, अजून वाजतो म्हणे.

माझी मुलगी स्वाती आता चौथीत आहे. आईच्या दोऱ्याच्या डब्यातल्या प्रत्येक रिळावर तिनं कागदाची चिठ्ठी चिकटवलीय — लाल, विटकरी, मेंदी, पोपटी. शालन एकेक रीळ पुढं करायची, स्वाती बघून लिहायची. शालन आधी स्वतः काही बोलायची नाही. बोलून चुकायची तिला भीती वाटते.

परवा माझ्या शर्टाचं बटण तुटलं. तपकिरी दोरा हवा होता. मी डबा उघडला, चिठ्ठी वाचली, रीळ काढलं, सुईत दोरा ओवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालाही न विचारता बरोबर रंग उचलला होता. शालन दाराशी मशीनवर होती. एका बाईची साडी उजेडाला धरून तिलाच विचारत होती, ही हिरवीच ना हो?